आतोबांची यादी

शेवटचा नंबर लावावा तर तो आमच्या आतोबांनीच. अख्ख्या वसई तालुक्यात तळाच्या जागेवर एवढ्या अभिमानाने बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पंगतीत ते शेवटच्या पानावर, तेही पान उरलं तर. भुईगावच्या एका लग्नात वाढपी दमून जेवायला बसले, तर हे त्यांनाच वाढायला उभे राहिले आणि घरी येऊन आत्याला म्हणाले, "थोडं पिठलं टाकतेस का?" न्हाव्याकडे बसले की "तुम्ही व्हा पुढे" म्हणत इतक्यांना पुढे करायचे की न्हावी धोपटी गुंडाळायचा आणि आतोबा होती ती दाढी घेऊन परत यायचे. स्वतःच्या लग्नातही ते मांडवाच्या दारात उभे राहून पाहुण्यांना आत सोडत होते. आत्या अजून सांगते, "भटजींनी अंतरपाट धरला, आणि पलीकडे माणूसच नाही!"

आमचं घर तेव्हा हलाखीत होतं. गिरीजला चिमूटभर वाडी, पण स्वतःचं पाणी नाही. आतोबांच्या बावखलावर, म्हणजे त्यांच्या वाडीतल्या तळ्यावर, बैलाने फिरणारा रहाट होता आणि त्या पाण्यावर त्यांचं धरून सात घरं जगत. पाण्याच्या पाळीची यादी आतोबा लिहायचे. आमच्याकडची रीत अशी, की यादी लिहिणाऱ्याने आपले सोयरे तळाला घालायचे. नाही घातले तर माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पुढच्या लग्नात बोलतात. त्यामुळे आमचं नाव कायम सातवं. त्यात एक सुख होतं: मागे कोणी खोळंबलेलं नसे, बैल दमेपर्यंत पाणी आपलं. पण उन्हाळ्यात आमची पाळी येईतो बावखलाचा तळ दिसायचा. वांगी जागेवर सुकायची. घरात सकाळी पेज, रात्री सकाळचीच पेज.

मग आतोबा मुंबईला एका परदेशी तेल कंपनीच्या रॉकेलच्या डेपोत मुकादम झाले आणि त्यांनी बाबांनाही तिथे चिकटवलं. काम रॉकेलच्या डब्यांना झाळ लावायचं, म्हणजे कथील वितळवून सांधे बुजवायचं. बाबांनी झाळलेला डबा रात्रभर उलटा ठेवला तरी थेंब गळत नसे, हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, आतोबाच सांगायचे. घरात दोन वेळा भात शिजू लागला. मी मॅट्रिक झालो आणि कॉलेजात जायचं ठरलं. आमच्या घराण्यात त्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. साहेबाने आतोबांना सांगितलं, तुमच्या हाताखालच्या पंधरा माणसांची यादी द्या, सगळ्यात चांगला वर आणि मग उतरत्या क्रमाने. कशासाठी, ते सांगितलं नाही. रविवारी दुपारी आतोबा आमच्या ओटीवर यादी लिहायला बसले. कागदावर रेघा मीच आखून दिल्या. पंधराव्या रेघेवर त्यांनी बाबांचं नाव लिहिलं, तेव्हा मी विचारलं, "आतोबा, बाबांची झाळ तर सगळ्यांत चांगली ना?"

"मग? घरच्या माणसाला वर बसवू? लोक काय म्हणतील?"

"पण साहेबाने कामाप्रमाणे मागितलंय."

"साहेबाला काय डोळे नाहीत? कोण कसा झाळतो ते त्याला दिसतंच. यादी ही रीतीची गोष्ट, बाळा. कॉलेजात शिकवतील तुला."

बाबांनीही मान डोलावली. त्यांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी बाबा भरदुपारी घरी आले. हातातला जेवणाचा डबा तसाच भरलेला. आईने विचारलं, "बरं नाही का?" ते म्हणाले, "यादी खालून कापली." रॉकेल आता टाकीच्या मोटारींतून जाऊ लागलं होतं, डबे कमी लागणार होते, म्हणून तळाची तीन माणसं घरी पाठवली. तळाच्या माणसाला पाणी उशिरा मिळतं, एवढं मला ठाऊक होतं. तळाला आहे म्हणून माणूसच पुसून टाकायचा, हे मी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या रेघा माझ्या हातच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी आतोबा लग्नातला काळा कोट चढवून, खांद्यावर राजेळी केळ्यांचं लोंगर घेऊन साहेबापुढे उभे राहिले. "साहेब, ही यादी खालून वाचायची. शेवटचा तो पहिला."

कारकुनाने साहेबाचं बोलणं मराठीत सांगितलं, "मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

आतोबा कोट सावरत परत फिरले. लोंगर मात्र साहेबाने ठेवून घेतलं.

वर्षाने साहेबाने उरलेल्या बाराजणांची यादी मागितली. या वेळी आतोबांनी कागदावर ताटली उपडी ठेवून वर्तुळ काढलं आणि बारा नावं त्याच्याभोवती लिहिली. "यात पहिला कोण?" साहेबाने विचारलं. "रहाटाचं पहिलं गाडगं कुठलं ते तुम्ही दाखवा, मी पहिला माणूस दाखवतो." त्या बारांतले दोघे तरीही गेले, यादी दुसऱ्या कोणीतरी लिहिली. त्यानंतर मुकादमांची यादी झाली आणि तीत आतोबा तळाला होते. आयुष्यात हा एकच शेवटचा नंबर त्यांनी मागून घेतलेला नव्हता.

ते वाडीत परत आले आणि पाण्याच्या पाळीची नवी यादी भिंतीला लावली. पहिलं नाव आमचं. आत्या ती बघून म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

उरलेल्या पाच घरांतलं कोणी तोंडावर काही बोललं नाही. पुढच्या लग्नातही बोललं नाही. बाबांनी वाडीत राजेळी लावली, आई आणि आत्या ती केळी उन्हात वाळवून सुकेळी करू लागल्या आणि अडून राहिलेला मी अखेर कॉलेजात गेलो.

निकालाच्या दिवशी वर्तमानपत्र आतोबांनी माझ्या हातातून काढून घेतलं. चष्मा पुसला, आणि सवयीने अगदी तळापासून नंबर शोधायला लागले. बोट हळूहळू वर सरकत होतं. मी म्हटलं, "आतोबा, वरून बघा ना." ते ऐकेनात. तळाचा वर्ग संपला, बोट दुसऱ्या वर्गावर गेलं, बऱ्याच वेळाने थांबलं आणि तिथेच राहिलं. चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.

"एवढा वर कशाला गेलास रे," ते म्हणाले. "किती शोधायला लावलंस."

त्या संध्याकाळी पंगतीत ते शेवटच्या पानावर बसले. मी त्यांच्याही नंतरचं पान धरलं, तेव्हा जरा रागावले. आता आतोबा नाहीत. रहाटही थांबला. मी बी. ए. झालो, दुसऱ्या वर्गात, आमच्या घराण्यातला पहिला.