जिजीआत्या आणि मेलेला इंजिनिअर

जिजीआत्याला एखाद्या पुस्तकाची किळस आली की ती ते दोन बोटांच्या चिमटीत धरून ओसरीवर नेऊन टाकायची. "ही रद्दी घरात नको, हात बाटले माझे," म्हणायची आणि खरंच साबणानं हात धुवायची. धारच्या शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त होऊन देवासला आमच्याकडे राहायला आली आणि इथं तिला टीव्हीवरच्या एका परदेशी अंतराळमालिकेचं वेड लागलं. त्या यानातली माणसं तिला आमच्या नातेवाइकांपेक्षा जवळची होती.

मालिका गाजली तशा तिच्यावर हिंदीत चकचकीत कादंबऱ्या निघू लागल्या. जिजी प्रत्येक कादंबरी घ्यायची आणि लाल पेन्सिल घेऊन बसायची. मालिकेतल्या डॉक्टरीणबाईला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि कादंबरीत ती त्याच कानाला फोन लावते! जिजीची पेन्सिल कागद फाडायची. समोरचा मोबाइल दुरुस्त करणारा पिंटू भिया या पुस्तकांवर फिदा. "जिजी, कहानी तो मस्त है ना!" म्हणायचा.

"मस्त कसली? शिळ्या कढीला ऊत आहे मेला. बघितलं नाही काही, बसले लिहायला."

त्या मालिकेतला म्हातारा इंजिनिअर एका भागात यान वाचवायला दार आतून लावून घेतो आणि मरतो. तो भाग संपला तशी जिजी उठली आणि डोक्यावरून अंघोळ करून आली. आईला हसू आवरेना.

"हसायला काय झालं, वहिनी? माणूस गेला," ओले केस पुसत जिजी म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढं मी इंदूरला एका प्रकाशकाकडे लिहू लागले. त्यानं याच मालिकेवरची एक कादंबरी मला दिली. अट एकच, इंजिनिअर जिवंत हवा, लोकांना तो आवडतो. मी त्याला दार उघडून हसत बाहेर आणला. लिहिताना जिजीची अंघोळ आठवली होती. तरी लिहिलं, कारण मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं.

"दीदी, रुला दिया आपने! क्या एंट्री दी है!" पिंटू भियानं सांगितलं. जिजीनं माझ्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. हा मान तिनं दुसऱ्या कुठल्याच कादंबरीला दिला नव्हता. दोन दिवस ती वाचत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला समोर बसवलं.

"ज्याच्या नावानं मी अंघोळ केली, त्याला उठवून बसवलंस? बाकीच्यांना माहीत नव्हतं गं बये. तुला माहीत होतं."

एवढं बोलून ती मोरीत हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. स्वतःची इतकी किळस मला पुन्हा कधी आली नाही.

मागच्या थंडीत जिजी गेली. तिला पोचवून आल्यावर सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळी केल्या. आठवड्यानं तिचं कपाट आवरताना माझी कादंबरी सापडली. ओसरीवर टाकलेली नव्हती. समासात लाल पेन्सिलीनं चार-पाच ठिकाणी 'छान' लिहिलं होतं. इंजिनिअर दार उघडतो ते वाक्य मात्र तिनं खोडलं होतं आणि खाली शाळेतल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'दार उघडलं नाही.'

पुढच्या पानांवर एकही खूण नव्हती. ती तिनं वाचलीच नव्हती.