सतरावं डोकं

पोहण्याच्या तलावावर उंच खुर्चीत बसून लोकांना बुडू न देणं, हा शिट्टीमास्तरांचा तीस वर्षांचा धंदा. रुबाब असा, की पाणीसुद्धा त्यांना विचारून हलावं. इथली पद्धत सोपी: पाण्यात उतरताना आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावर अडकवायचा, बाहेर आलं की काढायचा. फळ्यावर जितके बिल्ले, तितकी पाण्यात डोकी.

त्या सकाळी बिल्ले होते सतरा. मास्तरांनी डोकी मोजली. सोळा.

पुन्हा मोजली. सोळाच! अकरा नंबरच्या टेलरबाई कुठेच नव्हत्या. खोल टोक, मधला भाग, पलीकडची भिंत, सगळीकडे नजर भिरभिरली. मास्तरांनी कपड्यांसकट उडी ठोकली, तळ चाचपला. हाताला नुसती फरशी. छाती फुटायला आली तेव्हा वर आले.

त्यांच्याच खुर्चीखाली, शिडीला धरून, लालभडक टोपीतल्या टेलरबाई निवांत पाय हलवत होत्या.

"अगंबाई, मास्तर! कोण बुडालं?"

"तुम्ही!"

"मी? मी मघापासून इथेच आहे. दोनदा माझ्याकडे बघितलंत की!"

सगळा तलाव खो खो हसला. मास्तरांचे मात्र दात वाजत होते, आणि पाणी तर चांगलं कोमट होतं.

तसेच ठिबकत ते मॅनेजरच्या खोलीत गेले.

"बाई सापडल्या ना काका? मग झालं तर!"

"बघूनही दिसल्या नाहीत रे. लाल टोपीसकट!"

"डोळे तपासून घ्या."

"गेल्याच महिन्यात तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळही घडाघडा वाचली. पण अक्षरं बिचारी जागेवर गप्प उभी असतात! इथे एकाकडे बघावं, तर कडेचा निसटतो. पूर्वी अख्खा तलाव एकदम डोळ्यांत मावायचा. समोरच्या काठावर दुसरा माणूस दे मला."

"सोमवारी बघू. तोवर तुमच्यासारखा अनुभवी..."

मास्तर पांढरेफटक पडले. "अरे, आत्ता खुर्चीवर कोण आहे?"

कोणीच नव्हतं. ते घसरत, धडपडत काठावर पोचले. "बाहेर या! सगळे बाहेर!"

"आत्ता कुठे अंग भिजलंय!" टेलरबाई करवादल्या. "डोकं फिरलं की काय तुमचं?"

"फिरलंय. आधी बाहेर या."

लोक कुरकुरत चढू लागले. मास्तर एकेकाचा दंड धरून वर ओढत होते.

"काका, तलाव उघडायचा कधी?" मागून मॅनेजरनं विचारलं.

"दुसरा माणूस येईल तेव्हा," पाण्यावरची नजर न काढता मास्तर म्हणाले.