संख्याशास्त्राची शेवटची जागा

“तू त्याला पी म्हणालीस आणि भाऊ कॉफी प्यायला. आता त्यात बोलायचं काय उरलं?” सुफयान भावजी म्हणाले.

“मी म्हणाले, म्हणूनच तर बोलतेय,” इतिदाल म्हणाली.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात भरायचे कूसा, म्हणजे लहान दुधीसारखे भोपळे, कोरत बसले होते. आम्ही वरच्या मजल्यावर, हे खालच्या. इतिदाल माझी मधली जाऊ. नवरा-बायकोचं वाजलं की तिसऱ्यानं उठावं हे मला कळतं, पण हज्जांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, मला हातानंच बस म्हणून सांगितलं होतं. कॉफी प्यायलेल्या थोरल्या मुलाची बाजू घ्यायला आणखी एक माणूस जवळ असावं, असं त्यांना वाटलं असेल.

इतिदाल लग्नाआधीपासून विद्यापीठाच्या नोंदणी विभागात आहे. आमच्या इर्बिद शहरातल्या निम्म्या घरांतली पोरं तिच्या खिडकीसमोरून गेली आहेत. सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात आमच्या दाराची घंटा थांबत नाही. कुणाला सकाळचा वर्ग नको असतो, कुणाला कडक मास्तर नको असतो, कुणाला गुणांऐवजी नुसतं उत्तीर्ण-अनुत्तीर्ण लावून हवं असतं, म्हणजे सरासरीला धक्का नको. इतिदाल सगळ्यांना चहा द्यायची आणि सगळ्यांना तोच नियम सांगायची. तिच्या स्वतःच्या मुलाला, हारिसला, हवा तो वर्ग मिळाला नाही, तेव्हा तो एक सत्र थांबला. सुफयान भावजी तिला काझीबाई म्हणून चिडवायचे, आणि बाहेर मित्रांत तेच कौतुकानं सांगायचे.

तर या सगळ्याच्या मुळाशी सिवार नावाची एक मुलगी होती. बापाचं टायर दुरुस्तीचं दुकान, घरातून विद्यापीठात गेलेली ही पहिलीच. गेल्या वर्षी संख्याशास्त्रात नापास झाली. सरासरी घसरली, ताकीद मिळाली, मग दुसरी मिळाली. आणखी एक मिळाली की शाखेतून नाव निघतं. वाट एकच, तोच विषय पुन्हा घ्यायचा. पुन्हा घेतला की नवे गुण जुन्यांच्या जागी बसतात. पण तो विषय याच सत्रात शिकवतात, वर्ग एकच, आणि खोलीत जितके संगणक तितक्याच जागा. त्या भरल्या होत्या. थांबलेल्यांत सिवार पहिली. इतिदालनंच तिला सांगितलं होतं, कुणीतरी सोडतंच, जागा तुझी, तू घरी जाऊन अभ्यासाला लाग.

रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, खरंच एक जागा निघाली. कार्यालय बंद करता करता निघाली, म्हणून इतिदालनं ते काम सकाळवर ठेवलं.

त्याच संध्याकाळी आमचे थोरले दीर अबू कुतैबा आले. एकटे आले. बायकोला न घेता ते कधी येत नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी कॉफी नेली. त्यांनी पेला उचलला आणि न पिता समोरच्या टेबलावर ठेवला. सगळ्यांचं बोलणं तिथंच थांबलं. पाहुण्यानं पेला असा ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि ते दिल्याशिवाय तो पीत नाही. न पिता उठून गेला तर त्या घराला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

त्यांना त्यांच्या मुलासाठी, कुतैबासाठी, संख्याशास्त्रात जागा हवी होती. इतिदाल म्हणाली, वर्ग भरलाय. ते म्हणाले, मला घाई नाही. कॉफी थंड होत गेली. हज्जांची जपमाळ चालू होती, पण डोळे सुनेवर. पुढच्या महिन्यात हारिससाठी मुलगी मागायला जायचं ठरलं होतं, आणि मंडळींच्या पुढे घरातला थोरला म्हणून अबू कुतैबाच चालणार होते. हे त्या वेळी कुणी तोंडातून काढलं नाही, काढायची गरजही नव्हती.

“प्या भावजी,” इतिदाल शेवटी म्हणाली, “होईल.”

सकाळी तिनं कुतैबाचं नाव घातलं. घालताना तिच्या लक्षात आलं, त्यानं विषय उत्तीर्ण-अनुत्तीर्णवर मागितला होता. त्याला तो विषय लागतही नव्हता. सत्राचे श्रेयांक पुरे करायला काहीतरी हवं होतं आणि हा वर्ग दुपारचा होता, म्हणजे झोपून उठून जाता आलं असतं.

आणि आज सिवार खिडकीशी आली होती.

“ती भांडली असती तर बरं झालं असतं,” इतिदाल नवऱ्याला म्हणाली. “मला विचारते, मावशी, जागा निघालीच नाही का? मी म्हटलं, नाही गं. तर म्हणते, तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत, अल्ला तुमचे हात सलामत ठेवो. माझे हात. त्याच हातांनी कुतैबाचं नाव घातलंय मी.”

“ती नापास झाली ते काय तुझ्यामुळे?”

“नापास तिची ती झाली. पुन्हा बसायला मी दिलं नाही.”

हज्जांनी तोडगा काढला, कुतैबालाच सांगा, तूच सोड म्हणावं. इतिदालनं दुपारी त्याला फोन केला होता. तो हसला होता. म्हणाला, काकू, तुमचं आणि बाबांचं ठरलंय, त्यात मला कशाला ओढता.

“मग भावाला काय सांगणार आहेस?” भावजी म्हणाले. “प्यायलेली कॉफी परत कर म्हणून?”

मला हसू येत होतं, मी मान खाली घालून कोरत राहिले.

उद्या नावं बदलायचा शेवटचा दिवस होता. विद्यार्थी स्वतः सोडत नसेल तर दुसरा एकच मार्ग होता. ज्यानं नाव घातलं त्यानंच, आपण क्रम मोडला, असं वरच्या साहेबांना लिहून द्यायचं. मग नाव निघतं, पुढच्याला जागा मिळते, आणि लिहून देणाऱ्याची चौकशी लागते. हे भावजींनाही ठाऊक होतं. म्हणून ते आता आवाज खाली आणून बोलू लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीवर डाग लागेल म्हणाले. खिडकीवरून उचलून कुठल्यातरी गोदामात बसवतील. बरं, ते सोड, पण थोरला भाऊ या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. हारिसच्या सासुरवाडीला काय सांगायचं, याच्या घरात काका नाहीत?

“हारिसला विचारलंय?” हज्जा म्हणाल्या. “का त्याचंही तूच लिहून देणार?”

हे मात्र इतिदालला लागलं. ती गॅसजवळ पाठ करून उभी राहिली, टोमॅटोचा रस्सा उगाच ढवळत. मी तिच्याकडे पाहत होते. आमच्या घरात तिनं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि तेव्हाही चढवला नाही.

“मी ‘नाही गं’ म्हणाले ना,” ती रश्श्याकडे बघत म्हणाली, “तेव्हा त्या पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवला. एकदाही माझ्याकडे वर बघितलं नाही तिनं, खरं बोलतेय का म्हणून.”

तिनं गॅस बंद केला, हात पुसले, डोक्याचा रुमाल सारखा केला.

“हारिससाठी मंडळींच्या पुढे चालायला दुसरं कुणी शोधा,” ती म्हणाली. “सकाळी मी लिहून देणार आहे. आत्ता अबू कुतैबांकडे जातेय, त्यांना हे माझ्या तोंडून कळू दे. तुम्ही जेवून घ्या.”