तेरच्या माळावरचा डेक

पालखीचा दांडा तडकला नसता, तर श्री. माणिकराव पांचाळ यांच्या दारी माझे जाणे केव्हा झाले असते, सांगता येत नाही. मी तेरच्या शाळेत नुकताच बदलून आलो होतो. ग्रामदेवतेची यात्रा चार दिवसांवर आलेली. देवळातली मंडळी म्हणाली, “दादाकडं जावा, गुरुजी. जहाजावरचा सुतार हाय.” समुद्र आमच्यापासून इतका लांब, की मला ती थट्टाच वाटली. दादांनी दांडा उलटसुलट करून पाहिला आणि खांदा देणाऱ्या चौघांना बोलावून घ्यायला सांगितले. “आधी खांदे बघू, मग दांडा.” त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली आहे असे समजतो. यंदा दादा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, म्हणून हे चार शब्द.

दादांची उमेदीची वर्षे ‘गुलनार’ या प्रवासी जहाजावर सुतारकामात गेली. मुंबईहून जेद्दाला हजच्या यात्रेकरूंना नेणारे हे जहाज. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे त्याच्या उघड्या डेकवर, म्हणजे वरच्या लाकडी मजल्यावर, दिवसचे दिवस बसून गेली. जहाज म्हातारे झाले, तोडायला निघाले. एवढे अजस्र जहाज वाचवणे एका सुताराच्या आवाक्यातले नव्हते. तरी दादा तोडणीच्या धक्क्यावर गेले, अर्ज-विनंत्या केल्या आणि डेकचा एक तुकडा, कठडा व दोन बाके ट्रकमध्ये घालून तेरला घेऊन आले. प्रत्येक फळी उचलण्यापूर्वी तिच्या पोटाला पटाशीने आकडा कोरला होता. पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यातले नक्षीकाम का आणले नाही, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, “त्यांचे फोटो निघालेत, गुरुजी. डेकवाल्यांचं काय न्हाय.”

ते ‘काय’ गोळा करायला दादा एसटीने नळदुर्ग, परंडा, कळंब असे फिरले. वही माझ्याकडे, कारण माझे अक्षर बरे. जुने प्रवासी पहिल्यांदा हेच सांगत, की आता काही आठवत नाही. दादा वाद घालत नसत. फक्त विचारत, “झोपला कुठं व्हता? कठड्याकडं का मधी?” एवढे विचारले की माणूस उठून बसे. कळंबकडच्या एका शेतकऱ्यांनी वळकटी सरकू नये म्हणून ती कासऱ्याने कठड्याला बांधली होती. जहाजावर दादा ती गाठ सोडवता सोडवता दमले होते. “बैल बांधायची गाठ व्हती ती,” ते गृहस्थ म्हणाले, “तुमच्या बापाला सुटली नसती!” दादा मनापासून हसले आणि मला म्हणाले, “असंच्या असं लिवा.” बोलणाऱ्याचा एकही शब्द सुधारायचा नाही, हा त्यांचा नियम. आज अशा तीन जाड वह्या भरल्या आहेत.

या वह्यांतली एक नोंद आमच्याच गावच्या खातूनबी चाचींची. आज त्या पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, दृष्टी पूर्ण गेली आहे. त्या आणि त्यांचे यजमान ‘गुलनार’वरून हजला गेले. परतल्यावर वर्षभरातच यजमान वारले. चाचींनी सांगितले, “जन्मभर त्ये रानात, मी चुलीपशी. बिनकामाचं शेजारी शेजारी बसलो त्ये तेवढंच, जहाजावर.” त्यांचे मागणे एकच होते. त्या जागी एकदा पुन्हा बसायचे. “डोळे न्हायत, पर पाय हायत. पाय वळखतील.”

त्या मागण्यापायी दादांनी घराशेजारच्या माळावर शेड उभी केली. डेक जोडायचा आणि एका रविवारी जिल्ह्यातल्या सगळ्या प्रवाशांना बोलवायचे ठरले. नेमके तेव्हाच दादांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी धाराशिवला जावे लागले. आपण त्यांना चकित करू, असे माझ्या आणि राजाभाऊ गवंड्यांच्या मनात आले. राजाभाऊंनी पातळी तपासायची पाणसळ लावून आरशासारखा सपाट ओटा केला. आम्ही आकडे बघून त्यावर फळ्या मांडल्या. काही डुगडुगत होत्या, त्या ठोकून बसवल्या. माझी छाती अभिमानाने भरून आली होती.

रविवार तीन दिवसांवर असताना, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून दादा परतले. त्याच वेळी सुनेचा हात धरून चाचीही आल्या. चपला काढून त्यांनी चार पावले टाकली आणि थांबल्या.

“माणिक, ह्ये जहाज न्हाय. ह्यो वटा हाय.”

राजाभाऊ दुखावले. “अवो चाची, पाणसळ लावलीय! केसाएवढा फरक न्हाय.”

“त्येच चुकलं, राजाभाऊ,” दादा म्हणाले. “डेक मधी उचलल्याला असतोय आन् दोन्ही बाजूला उतरता. लाट आली की पानी वाहून गेलं पायजे. जहाजावर तुझी पाणसळ घरी ठेवायची.”

चाची परत निघाल्या. त्यांचा तो चेहरा मला पाहवेना. चूक माझी होती, मी तसे दादांना सांगितले. ते म्हणाले, “गुरुजी, कोरड्या मुलखातली मानसं आपण. सपाट म्हंजे चांगलं, हेच आपल्याला ठावं.” मग भिंतीवरची एक लांब, बाकदार लाकडी पट्टी त्यांनी काढली. गेली कित्येक वर्षे मी तिच्यावरची धूळ झटकत होतो. डेकचा बाक त्यांनी जहाजावरच त्या पट्टीवर उतरवून घेतला होता. राजाभाऊ घण घेऊन ओटा फोडायला निघाले, तर दादांनी त्यांना अडवले. “तुझी मेहनत मोडायची न्हाय. तिच्यावरच जहाज चढवू.”

तीन दिवस गाव राबले. पट्टीच्या बाकाप्रमाणे आडवे वासे तासले गेले. दादा खुर्चीत बसून एका डोळ्याने काम पाहत होते. शेवटच्या दिवशी फळ्या घातल्या, तर एकीलाही ठोकावे लागले नाही.

रविवारी नळदुर्गचे, परंड्याचे, येरमाळ्याचे प्रवासी आले. चाचींना पहिला मान दिला. त्यांनी पाऊल ठेवले, ते किंचित कलले, आणि त्यांनी सुनेचा हात सोडून दिला. उतार पायांनी चाचपत त्या थेट कठड्यापर्यंत गेल्या, डावीकडे वळल्या आणि टेकून बसल्या. मी पाणी घेऊन त्यांच्या शेजारी बसू लागलो, तशी त्यांनी जागेवर हात ठेवला.

“सरका, गुरुजी. ही जागा धरल्याली हाय.”

दादांनी पट्टी नसलेला डोळा पुसला. मग जो तो आपापली जागा शोधू लागला. “मी मधी व्हतो!” “न्हाय, तिथं आमची वळकटी!” अशी भांडणे जुंपली. समुद्राविना एक जहाज आमच्या माळावर माणसांनी भरून गेले.

देवाजवळ माझे मागणे आहे, की दादांना खूप आयुष्य लाभावे. एसटीच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना हलक्या जाव्यात आणि कानांना दूरच्या गावचे म्हातारे बोल स्वच्छ ऐकू यावेत. डेकवर अजून पुष्कळ जागा मोकळ्या आहेत. त्या कोणाच्या, हे दादांनीच विचारून काढायचे आहे. चौथी वही मी आणून ठेवली आहे.