बाबा, व्याही आणि एक खुर्ची

माझे बाबा वेताच्या खुर्च्या विणतात. खुर्ची उलटी करून बघितल्याशिवाय त्यांना बसवतच नाही. ते पहिल्यांदा माझ्या सासरी आले, तेव्हा वेताच्या एकुलत्या एका खुर्चीत माझे सासरे बसले होते.

"व्याही, जरा उठता का?" बाबा म्हणाले.

सासरे उठले. बाबांनी खुर्ची पालथी केली, "कुठल्या गाढवानं विणली ही?" असं पुटपुटत चाकूनं सगळी वीण कापली आणि पिशवीतून वेत काढून नव्यानं विणायला बसले. दोन तास सासरे उभे. शेवटी वीण इतकी देखणी झाली की सासऱ्यांना तिच्यावर बसवेना.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी शहाणपणानं खुर्ची आत लपवली आणि सतरंजी अंथरली. बाबांनी सतरंजीचा कोपरा उलटा करून बघितला. सासरे न सांगताच उठून उभे राहिले.