टपावरचा बांबू

नाना नवीन गाडीकडे कधी समोरून बघत नसत. लोक रंग बघतात, आतल्या गाद्या दाबून बघतात. नाना चवड्यांवर उभे राहून आधी टप बघत. लग्नाच्या मांडवात नवरदेवाची गाडी आली, तरी नाना तिच्या टपावर बोटं वाजवून शेजारच्याला विचारत, "हाई टप बठ्ठं सपाट काबर?" पाहुण्यांना वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

‘बठ्ठं’ म्हणजे सगळं आणि ‘काबर’ म्हणजे का. हा ‘काबर’ त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम घोळत असे. साक्रीच्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते, मी चित्रकलेचा, आणि आमची घरं एकाच भिंतीला चिकटलेली. सकाळी मी दात घासत अंगणात आलो, की भिंतीपलीकडून प्रश्न यायचा. "तू ब्रश आडवा काबर फिरावस?" तोंडात फेस असताना काय सांगणार! निवृत्तीनंतर त्यांचे प्रश्न वाढले आणि उत्तर द्यायला मीच एकटा उरलो.

टपाचं वेड बांबूउडीपायी लागलं होतं. आसपासच्या पाड्यांवरच्या पोरींना नाना शाळेच्या मैदानावर बांबूउडी शिकवत. सुरुवात खऱ्या बांबूवर. जमायला लागलं की फायबरचा बांबू. हा बांबू लवचिक, दोन माणसांहून लांब, आणि पोरीच्या वजनाप्रमाणे निवडावा लागतो. दुसरीच्या बांबूवर उडणं म्हणजे दुसरीच्या चपला घालून पळणं. पूर्वी एसटीच्या टपावर कॅरियर असायचं, मागं शिडी असायची. नाना स्वतः वर चढून बांबू बांधत. मग कॅरियर नसलेल्या बस आल्या आणि बांबूंचा प्रवासच थांबला.

रोशनीचं नुकसान त्यातूनच झालं. नानांची ही सगळ्यात तयारीची पोर. जळगावला निवड चाचणी होती. कंडक्टरनं बांबू आत घेऊ दिला नाही, त्याचंही चूक नव्हतं. बांबू साक्रीच्या स्टँडवर राहिला आणि रोशनी रिकाम्या हातानं गेली. तिथं उसन्या बांबूवर तिला अंग धड उचलताही आलं नाही. परतीच्या बसमध्ये ती रडलीसुद्धा नाही. नानांना तेच जास्त लागलं. त्या वयोगटात तिचं आता एकच वर्ष उरलं होतं.

त्याच सुमारास नानांच्या पुण्यातल्या मुलानं आईची पाठ दुखते म्हणून एक ऐसपैस एसयूव्ही घरी पाठवली. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, गाडीला हळदकुंकू वाहिलं. नाना टप बघत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये. आम्ही म्हणजे मी चालवत होतो. नाना आयुष्यात गाडी चालवायला शिकले नाहीत. चालवणाऱ्याला टपावरचं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

रूफ रेल, म्हणजे सामान बांधायचे टपावरचे दांडे, बसवायचे तर टपाला भोकं पाडणार, या कल्पनेनं माझाच जीव वर-खाली होत होता. सलीमभाई हसले. "नाना, छेद तो कंपनीने देके रख्खा है. अपनेको सिर्फ ढक्कन निकालनेका." त्यांनी टपाच्या कडेची रबरी पट्टी उचलली, खाली खरोखरच तयार भोकं. नानांचा चेहरा उजळला. मग प्रश्न सुरू झाले. रेल लांबीत दोन, मग वर आडव्या पट्ट्या काबर? नटाखाली रबर काबर? पाणी आत जाऊ नये म्हणून लावायचा लगदा आत्ताच काबर, नंतर का नाही? दुपारपर्यंत सलीमभाईंनी दोनदा चहा मागवला, तो बहुधा नानांचं तोंड बंद राहावं म्हणून.

फायबरच्या बांबूला चरा पडला की तो उडीच्या भरात मोडू शकतो. आडव्या पट्ट्यांवर काय गुंडाळायचं, यावर नाना बरेच दिवस अडून बसले. तोड अक्कांनी काढली. त्यांचं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. ट्रकमध्ये घडाला डाग पडू नये म्हणून केळीचा वाळका पाला अंथरतात, तसा पाला त्यांनी भावाकडून मागवला आणि पट्ट्यांना जाड बांधून दिला. वर जुन्या पांढऱ्या चादरी जोडून बांबूला लांबच लांब पिशवी शिवली. हे सगळं करताना त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होताच. "मन्हा पोऱ्यानी माले गाडी दिधी, आन यासनी बांबू बसाडा!"

पुढच्या वर्षीच्या चाचणीच्या सकाळी आम्ही जळगावला निघालो. अक्का आणि रोशनी मागे. नाना माझ्या शेजारी, खिडकीची काच पूर्ण खाली, हात बाहेर काढून बांबूच्या दोराचं टोक धरलेलं. वर पट्टे आवळलेले होते, पुढून-मागून बांधलेलं होतं, दोर धरायची काडीची गरज नव्हती. बाहेर ऊन असं, की काच उघडी म्हणजे भट्टीचं दार उघडं. अक्का म्हणाल्या, "काच लावा ना! तो बांबू काय सांगस तुमले?"

"बठ्ठं सांगस," नाना म्हणाले.

पारोळ्याच्या अलीकडे एका गावात आठवडे बाजार रस्त्यावर आलेला. समोर कपाशीच्या बियाण्यांचा टेम्पो आणि ट्रॅक्टर एकमेकांत अडकलेले. रोशनी मागून मोबाइलमध्ये वेळ बघत होती. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्यानं आमच्या टपावरची लांब पांढरी गुंडाळी पाहिली, टोपी काढली आणि हात जोडले. "वाट द्या रे! मानूस ली जाई ऱ्हायनात!"

क्षणात बाजार शांत झाला. ट्रॅक्टर मागे गेला, पाट्या उचलल्या गेल्या, बायकांनी पदर सावरले. मी हळूच गाडी काढली. वाट मोकळी दिसली आणि नाना म्हणाले, "थांब."

"नाना, उशीर होतोय!"

"थांब म्हनस ना."

उतरून ते म्हाताऱ्यासमोर उभे राहिले. "बाबा, मानूस नही शे तो. बांबू शे. हाई पोर तेनावर उडस." लोक गाडीभोवती जमले. आता मार खातो की काय, असं मला वाटलं. म्हाताऱ्यानं रोशनीकडे बघितलं, टपाकडे बघितलं आणि विचारलं, "उडस? काबर?"

जन्मभर ज्याची वाट पाहिली तो माणूस नानांना भेटला होता. ते समजावून सांगायला रस्त्यावरच बसले असते. मी हॉर्नवरून हात काढला नाही. शेवटी म्हाताराच हसत रोशनीला म्हणाला, "जाय बेटा, पडू नको," आणि लोकांनीच आम्हाला पुढं काढून दिलं.

नाव पुकारायच्या जरा आधी पोहोचलो. रोशनी स्वतःच्या बांबूवर उडाली आणि निवडली गेली. पोर आडव्या काठीवरून पलीकडे गेली, तेव्हा नाना तिच्याकडे नाही, वाकून सरळ होणाऱ्या बांबूकडे बघत होते. डोळे मात्र भरले होते. परत आल्यावर अक्कांनी आपल्या हिरव्या लुगड्याची पिशवी शिवली. पांढरी पुन्हा वापरली नाही.

पुढं नाना गेले. झोपेतच गेले, कुणाला काही विचारायला सवड मिळाली नाही. मला अजून सकाळी भिंतीपलीकडे कान द्यायची सवय आहे. रोशनी आता आमच्याच मैदानावर पोरींना शिकवते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या एका पोरीची चाचणी होती, जळगावलाच. बांबू टपावर, पाला नवा, चालवायला मी. अक्का म्हणाल्या, मी पुढं बसते.

धुळं सोडलं आणि झळा आत यायला लागल्या. बघतो तर अक्कांच्या बाजूची काच पूर्ण खाली. मी म्हटलं, "अक्का, काच लावतो. एसी लावू."

"ऱ्हावू दे," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "दोर ढिला वाटस."

दोर मी स्वतः बांधला होता. ढिला नव्हता. अक्कांनी हात बाहेर काढून तो जळगावपर्यंत धरून ठेवला.