बिनराबाचं रोप

शेती खात्यात नोकरी केलेली चार माणसं एकत्र बसवा, चहा थंड होईस्तोवर किस्से संपत नाहीत. आमचं कर्जतचं ऑफिस तर त्या बाबतीत फारच श्रीमंत. साठच्या दशकात मी तिथे मदतनीस होतो. आमचे बरेचसे किस्से एकाच भानगडीतून निघाले, ती म्हणजे राब.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप करायचं तर आमच्याकडे आधी त्या तुकड्यावर झाडांच्या फांद्या, शेण, पेंढा पसरतात, वर माती टाकतात आणि सगळं जाळतात. मग त्या राखेत बी पेरायचं. त्यापायी डोंगरावरची ऐनाची झाडं दरसाल बोडकी होतात. वरून ऑर्डर आली, राब बंद करा. ती राबवायला देशावरचे एक साहेब आले.

* * *

पहिली सभा डोंगराखालच्या एका गावात, देवळात. साहेबांनी फळ्यावर मोठा हिशेब मांडला आणि म्हणाले, "एका राबात जळतं तेवढ्या लाकडाशेणावर तुमच्या घरचा वर्षाचा स्वयंपाक होईल!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "आनि रोप नाय झालं, तर चुलीवर ठेवायचं काय, सायेब?"

साहेबांनी फळा पुसला.

* * *

अख्ख्या सभेतून एकच माणूस तयार झाला, धोंडू. त्याचं कारण फळ्यावर कुठेच नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ किसन हा झाडावर चढण्यात गावात पट्टीचा. आदल्या वर्षी राबासाठी फांद्या तोडताना तो ऐनावरून पडला. मोडलेला पाय जुळला, पण वाकडा. तरी पुन्हा मीच चढणार म्हणून हटून बसलेला.

"राबच नसंल तर ह्यो चढंल कशाला?" धोंडू म्हणाला.

मी घाबरून सुचवलं, अर्धं बी बिनराबाचं पेर, अर्धं राबात.

"अर्ध्या राबालाबी झाडावर चढावं लागतं," धोंडू म्हणाला, आणि सगळं बी त्याने आमच्या भरवशावर टाकलं. माझी झोप उडाली.

किसन हसत होता. "रोप पिवळं पडू दे रं दादा, मंग बगू."

* * *

राखेऐवजी द्यायचं खत घेऊन आम्ही जीपने निघालो. चढावर जीप तापली आणि बंद पडली. शेवटी धोंडूची बैलजोडी मागवून ती ओढायची वेळ आली.

ड्रायव्हर काशिनाथ बॉनेटमधली वाफ बघत म्हणाला, "साहेब, जाळू नका हे सांगायला आपण पेट्रोल किती जाळलं?"

बैल हाकायला किसन होता, तो मजेत शीळ घालत होता.

* * *

थोड्याच दिवसांत वाफे हिरवेगार झाले. साहेब हरखले. "बघा, किती दाट आलंय!"

धोंडूची बायको सखू वाकून बघत होती. "दाट हाय. पन भात थोडं नि गवत लय."

राबाच्या आगीत गवताचं बीही जळतं. ते यंदा जळलं नव्हतं, आणि कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात. राबात खुरपावं लागत नाही, त्यामुळे त्या घरात कोणाला सवयही नव्हती. आम्ही सगळे चिखलात बसलो. साहेबही बूट काढून उतरले.

जरा वेळाने सखू त्यांच्या मागे येऊन म्हणाली, "सायेब, तुमी बांधावर बसा. तुमी उपटलेलं भात मला परत लावायला लागतंय."

बांधावर किसन फांद्या तोडायच्या कोयतीला धार लावत बसला होता. त्या आवाजाने धोंडूचे हात आणखी भराभर चालत होते. मला तो आवाज अजून आठवतो.

* * *

रोप जेमतेम पुरलं. पण पुरलं! भात शेजाऱ्यांच्या बरोबरीने आलं. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले आणि मला तर रडूच यायचं बाकी होतं.

माघात साहेब म्हणाले, चला, धोंडूची झाडं बघून येऊ. गेलो. गावातले बाकी ऐन छाटलेले, धोंडूचे तेवढे भरगच्च. त्यातल्या एकाखाली धोंडू पेंढा पसरत होता, भाऱ्यामागून भारे. तेवढ्यात वरून एक फांदी खाली आली.

"वर कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"किसन."

"अरे, पण यंदा तुला राब करायचाच नाही ना?"

"माजा नाय, शेजाऱ्याचा. त्याला फांद्या कमी पडल्या. किसनला घरचं काम नव्हतं, तो तयारच झाला. मी नाय म्हनलो, पन ऐकतोय कोन?"

साहेब हाक मारायला पुढे झाले. धोंडूने त्यांचा दंड घट्ट धरला. त्याची नजर वरच होती.

"आवाज नगा करू, सायेब, दचकंल त्यो," तो हळूच म्हणाला. "त्यो भारा घ्या नि त्या फांदीखाली पसरा."